तेलातला चुरा

सोलापूर सोडलं की मराठी दत्तभक्तांची वाट अक्कलकोटवरून दुधनीकडे वळते आणि सीमा ओलांडून कलबुर्गी जिल्ह्यात, भीमा-अमरजेच्या संगमावर, गाणगापूरला पोचते. तिथून पुढे कलबुर्गी, कमलापूर, हुमनाबादजवळचं माणिकनगर आणि शेवटी बिदर. पौर्णिमेला, दत्तजयंतीला, दिवाळीच्या सुटीत या रस्त्यांवर पुण्या-मुंबईच्या, लातूर-नांदेडच्या गाड्यांची रीघ लागते. पुणे-सोलापूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि नांदेडहून बिदर-कलबुर्गीमार्गे विजयपूरकडे जाणारा महामार्ग ५० हुमनाबादला एकमेकांना भेटतात. त्यामुळे या टापूतल्या गॅरेजांत महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण अशा तिन्ही राज्यांच्या पाट्या असलेल्या गाड्या उभ्या दिसतात, आणि मिस्त्री एका वाक्यात मराठी, कन्नड आणि दखनी मिसळून बोलतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत या गाड्यांत एक मोठा बदल झाला. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ स्वस्तातल्या एएमटी गिअरबॉक्ससह बाजारात आली आणि क्लच न दाबता गाडी चालवणं मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. २०१६ साली इनोव्हा क्रिस्टा सहा गिअरच्या ऑटोमॅटिकसह आली. ठरावीक गिअर नसलेले सीव्हीटी आणि दोन क्लचचे डीसीटीही रस्त्यांवर वाढले. आज भालकी, उदगीर, आळंद, बसवकल्याण अशा गावांतले डॉक्टर, आडते, कंत्राटदार, शिक्षक ऑटोमॅटिक गाडी घेतात. भाड्याने धावणाऱ्या मोठ्या गाड्यांतही आता 'डी'वर टाकून निघणारे चालक दिसतात.

या गाड्यांच्या इंजिन ऑइलची काळजी सगळे घेतात. एअर फिल्टर काढून हवेने फुंकून घेणं तर पंपावरच्या पोरालाही ठाऊक असतं. डिझेल फिल्टर कधी बदलला हे चालक तोंडपाठ सांगतो. गिअरबॉक्समधलं तेल मात्र कुणाच्या नजरेला पडत नाही. आताच्या बहुतेक ऑटोमॅटिकना तेल पाहायची पट्टीच नसते. बॉक्स झटके देऊ लागला, 'डी'ला टाकल्यावर गाडी क्षणभर थांबून मग उचल घेऊ लागली, की मालक जागा होतो. तोवर उशीर झालेला असतो आणि बिल सहज लाखाच्या पुढे जातं. या न दिसणाऱ्या तेलाच्या वाटेवर एक जादा फिल्टर बसवता येतो. वस्तू लहान आहे, काम अर्ध्या दिवसाचं आहे. तिचा फायदा नेमका किती, तो कोणत्या गाडीला होतो, आणि सीमाभागाच्या ऊन-ओझ्यात तिला काय अर्थ आहे, हे नीट समजून घेण्याजोगं आहे.

लाल तेलाच्या अंगावरची कामं

हाताने गिअर टाकायच्या गाडीत तेलाचं काम मुख्यतः वंगणाचं. दातांवर थर राहिला, बेअरिंग भिजलं की झालं. ऑटोमॅटिकमध्ये त्याच तेलावर चार कामं पडतात. इंजिनची ताकद चाकांकडे पोचवण्यासाठी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये एक पंखा तेल फेकतो आणि समोरचा पंखा त्या तेलाच्या माराने फिरतो. गिअर बदलायचा तर पंपाच्या दाबाने तेलच क्लच प्लेटांवर पिस्टन दाबतं. दाते आणि बेअरिंग भिजवायचं काम त्याचंच. शिवाय या सगळ्यातून तयार झालेली उष्णता उचलून कूलरपर्यंत नेणं आणि थंड होऊन परत येणं हेही त्याचंच.

टॉर्क कन्व्हर्टरचं मूळ जहाजांत आहे. हर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली द्रवातून ताकद पोचवण्याच्या युक्तीचं पेटंट घेतलं ते जहाजाच्या टर्बाइनसाठी. मोटारीत ही कल्पना मोठ्या प्रमाणावर आणली जनरल मोटर्सने. १९३९ साली जाहीर झालेला 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्स १९४० च्या ओल्डस्मोबाईल गाड्यांत बसला. १९४९ मध्ये या गिअरबॉक्ससाठी वेगळ्या तेलाचं 'टाइप ए' हे मानक ठरलं आणि १९६७ मध्ये 'डेक्स्रॉन' आलं. क्लच प्लेटा नेमक्या किती घसराव्यात आणि कुठे पकडाव्यात हे तेलातल्या घटकांवर ठरतं. त्या कामासाठी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत स्पर्म देवमाशाचं तेल मिसळलं जाई. देवमाशांना संरक्षण मिळालं तेव्हा तेलाची कृतीच नव्याने बसवावी लागली. यावरून एक गोष्ट उघड होते. हे तेल म्हणजे कोणतंही पातळ तेल नव्हे. त्याची घडण त्या बॉक्सच्या क्लच प्लेटांशी जुळवलेली असते, म्हणून बाटलीवरचा मानक क्रमांक पाहिल्याशिवाय ते ओतू नये. लाल रंग तर केवळ ओळखीसाठी घातलेला असतो. रंग सारखा म्हणून तेल सारखं असं होत नाही.

बंद डब्यात कचरा येतो कुठून

वाडी, सेडम, मळखेड हा सिमेंटचा पट्टा. शहाबादची फरशी महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचलेली. चुनखडीची पांढरी धूळ, काळ्या रानाची धूळ आणि बिदरच्या पठाराची लाल जांभ्याची धूळ, अशा तीन रंगांच्या धुळी एका दिवसाच्या प्रवासात गाडीवर बसतात. म्हणून इथल्या मालकाला वाटतं की गिअरबॉक्समधली घाणही रस्त्यावरूनच येत असणार.

प्रत्यक्षात ऑटोमॅटिक बॉक्स जवळपास बंद असतो. बाहेरची हवा आत येते ती एका लहानशा श्वासनळीतून. आतली घाण बहुतांशी आतच तयार होते. क्लच प्लेटांवरचं अस्तर कागदासारखं असतं, सेल्युलोज आणि अरामिडच्या तंतूंचं. प्रत्येक गिअर बदलताना त्याचे सूक्ष्म तंतू सुटतात. पोलादी प्लेटा, दाते, बेअरिंग यांतून लोखंडाचा चुरा सुटतो. बुशिंगमधून पितळी आणि आवरणातून ॲल्युमिनियमचे कण येतात. नवी गाडी पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये सगळ्यात जास्त चुरा सोडते, कारण नवे पृष्ठभाग एकमेकांवर घासून बसत असतात. पुढे झीज मंदावते, आणि बॉक्स म्हातारा झाला की पुन्हा वाढते.

हा चुरा किती बारीक असतो? मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. नुसत्या डोळ्याला ४० मायक्रॉनपेक्षा बारीक कण वेगळा दिसत नाही. गिअरबॉक्सच्या वॉल्व्ह बॉडीत जे लहान दट्टे पुढेमागे सरकून तेलाची दिशा बदलतात, त्यांच्या आणि भोकाच्या भिंतींमधली फट याच मापाची, काही दशक मायक्रॉनची असते. म्हणजे डोळ्याला न दिसणारा कणच तिथे अडकतो. दट्टा किंचित अडखळला की क्लचवर दाब उशिरा चढतो, प्लेटा जरा जास्त घसरतात, आणखी अस्तर झिजतं, आणखी चुरा सुटतो. हे चक्र एकदा सुरू झालं की स्वतःलाच खतपाणी घालतं. संगणकाने चालणाऱ्या नव्या बॉक्समध्ये सोलेनॉइड असतात. ते विजेचे चुंबक असल्याने लोखंडाचा बारीक चुरा स्वतःकडे ओढून घेतात.

कंपनीने दिलेली जाळी

मग कंपनी फिल्टर देत नाही का? देते. तेलाच्या चेंबरमध्ये, पंपाच्या तोंडाशी जाळी किंवा नमद्यासारख्या पदार्थाचा फिल्टर असतो, आणि चेंबरच्या तळाशी चुंबक. पण त्या फिल्टरला एक मर्यादा आहे. पंप तेल ओढतो ते याच फिल्टरमधून. तो फार बारीक केला तर पंपाला पुरेसं तेल मिळणार नाही, पंप हवा धरेल आणि दाब कोसळेल. म्हणून आतला फिल्टर मुद्दामच जाडसर ठेवलेला असतो. तो मोठे तुकडे अडवतो आणि बारीक चुरा जाऊ देतो. तळाच्या चुंबकांना तरंगत जाणारं सगळं लोखंड सापडत नाही, आणि अस्तराच्या तंतूंवर किंवा ॲल्युमिनियमवर चुंबकाची मात्रा चालत नाही.

जादा फिल्टरची कल्पना नेमकी इथे बसते. बॉक्समधून तेल एका नळीने कूलरकडे जातं. हा कूलर रेडिएटरच्या आत किंवा पुढे असतो. थंड झालेलं तेल दुसऱ्या नळीने परत येतं. या परतीच्या वाटेवर पंपाची ओढ नसते आणि दाब बेताचा असतो, त्यामुळे तिथे बारीक फिल्टर चालतो. लहान डब्याएवढा हा फिल्टर नळी मध्ये कापून बसवतात. चांगल्या फिल्टरमध्ये तीन गोष्टी असतात: बारीक गाळणारा कागदी किंवा कृत्रिम तंतूंचा थर, लोखंड धरणारा चुंबक, आणि फिल्टर तुंबला तर तेलाला आडवाटेने जाऊ देणारा बायपास वॉल्व्ह. तिसरी गोष्ट नसेल तर फिल्टर घेऊच नये. तुंबलेला फिल्टर कूलरचं तेल अडवतो, आणि कूलर बंद पडलेला बॉक्स उन्हाळ्याच्या एका लांब प्रवासात भाजून निघतो.

यात नवल वाटण्यासारखं काही नाही. ज्यांची यंत्रं दिवसभर ओझं ओढतात त्यांनी हा मार्ग आधीच धरला आहे. ट्रक आणि बससाठी ऑटोमॅटिक बनवणाऱ्या आणि चेन्नईजवळ ओरगडमला कारखाना असलेल्या ॲलिसन कंपनीच्या '१०००' मालिकेच्या गिअरबॉक्सला बाहेरून फिरवून बसवायचा फिल्टर मुळातच असतो. आपल्या रानातही हे दिसतं. अनेक ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक लिफ्ट आणि तेलात बुडालेले ब्रेक यांना एकच तेल असतं आणि त्याच्या वाटेवर फिल्टर असतो. लिफ्ट जड झाली, थरथरू लागली की भालकीचा ऊसवाला पहिल्यांदा तो फिल्टर काढून बघतो. त्याच्याच अंगणातल्या ऑटोमॅटिक मोटारीबद्दल मात्र त्याला कुणी असं काही सांगितलेलं नसतं.

पुरावा काय म्हणतो

बारीक गाळल्याने झीज खरंच कमी होते का, यावर १९८८ साली जनरल मोटर्समधल्या संशोधनाचा एक निबंध अमेरिकेच्या ऑटोमोटिव्ह अभियंत्यांच्या संस्थेने, एसएईने, प्रसिद्ध केला. त्यात ४० मायक्रॉनच्या फिल्टरच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या फिल्टरने इंजिनची झीज ५० टक्क्यांनी आणि १५ मायक्रॉनच्या फिल्टरने ७० टक्क्यांनी घटल्याचं नोंदवलं आहे. हा प्रयोग इंजिनवरचा आणि प्रयोगशाळेत झीज मुद्दाम वाढवून केलेला. त्याचे आकडे गिअरबॉक्सला जसेच्या तसे लावता येत नाहीत. दिशा मात्र स्पष्ट आहे. घासणाऱ्या दोन पृष्ठभागांमधल्या तेलाच्या थराएवढ्या जाडीचा कण सगळ्यात जास्त नुकसान करतो, आणि तो जाडसर जाळीत सापडत नाही.

फिल्टर घेताना नुसता मायक्रॉनचा आकडा पाहून भागत नाही. '३० मायक्रॉन' असं डब्यावर छापलेलं असलं तरी त्या मापाचे किती कण तो अडवतो हा खरा प्रश्न. त्यासाठी बीटा गुणोत्तर वापरतात: फिल्टरच्या आधी किती कण होते आणि नंतर किती उरले, याचा भागाकार. बीटा २ असेल तर अर्धे कण अडतात आणि अर्धे निघून जातात. बीटा ७५ असेल तर ७५ पैकी एकच कण सुटतो, म्हणजे जवळपास ९८.७ टक्के अडतात. दोन्ही फिल्टर '३० मायक्रॉन'चे म्हणून विकले जाऊ शकतात. जो विक्रेता बीटाचा आकडा सांगू शकतो त्याच्याकडून घ्यावा. नुसतं 'भारी माल आहे' म्हणणाऱ्याकडून घेऊ नये.

बसवताना

परतीची नळी ओळखणं हा या कामाचा पाया. थंड गाडी सुरू करून थोडा वेळ चालू ठेवली की बॉक्समधून कूलरकडे जाणारी नळी आधी तापते, परतीची तुलनेने गार राहते. तरीही गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतल्या आकृतीशी ताळा करूनच नळी कापावी. फिल्टर परतीवर बसवायचा, कारण कूलरमध्ये साठलेला जुना गाळही मग बॉक्समध्ये न जाता फिल्टरमध्ये अडतो. फिल्टरवरचा बाण बॉक्सकडे तोंड करून असला पाहिजे. फिल्टरच्या तोंडाचं माप नळीच्या मापाचंच हवं. लहान तोंड जबरदस्तीने बसवलं की तेलाचा ओघ कमी होतो.

नळी ट्रान्समिशन तेलासाठी बनवलेलीच हवी. साधी पाण्याची किंवा पेट्रोलची नळी गरम तेलात फुगते, मऊ होते आणि क्लिपेतून निसटते. क्लिप इतकीही आवळू नये की रबर कापलं जाईल. फिल्टर एक्झॉस्टपासून लांब आणि चासीच्या आडव्या दांड्याच्या वर बसावा, म्हणजे स्पीडब्रेकरचा किंवा उडालेल्या खडीचा मार त्याला लागणार नाही. आणि एक धोका ठळकपणे सांगायला हवा: चाळीस-पन्नास रुपयांचा प्लास्टिकचा पेट्रोल फिल्टर या जागी कधीही बसवू नये. तो या उष्णतेसाठी आणि दाबासाठी केलेला नसतो. वाटेत फुटला तर पंप काही मिनिटांत बॉक्स कोरडा करतो, आणि पुढे काही किलोमीटरही चालवली तर दुरुस्त करण्याजोगं फारसं उरत नाही.

फिल्टर बसला की त्याच्या पोटात मावेल तेवढं तेल वाढवावं लागतं. पातळी तपासायची ती कंपनीने ठरवून दिलेल्या तापमानाला आणि तिने सांगितलेल्या पद्धतीनेच, गाडी सपाट जागी उभी करून. तेल जास्त झालं तर फिरते भाग ते घुसळून फेस करतात आणि फेसाला दाब धरता येत नाही. कमी झालं तर पंप हवा ओढतो.

कुणाला उपयोगी, कुणाला नाही

एएमटीच्या गाडीला हा फिल्टर लागत नाही. तो मुळात हाताचा गिअरबॉक्स आहे, फक्त क्लच दाबायचं आणि दांडा हलवायचं काम यंत्र करतं. त्यात कूलरची वाट नसते. कोरड्या क्लचच्या डीसीटीलाही हे लागू नाही. फिल्टर शोभतो तो टॉर्क कन्व्हर्टरच्या बॉक्सला, आणि तोही जिथे बाहेर जाणारी-येणारी नळी आहे तिथे. अनेक नव्या बॉक्सवर तेल-पाण्याचा कूलर थेट बॉक्सला चिकटवलेला असतो. कापायला नळीच नसते. अशा गाडीत जोडणी करायची तर खास अडॅप्टर लागतो, आणि तो हाताशी नसेल तर वेळेवर तेल बदलणं एवढंच काम प्रामाणिकपणे करावं. सीव्हीटीचं तेल आणि त्याच्या नळ्यांचा दाब वेगळा असतो. तिथे कंपनीने मान्य केलेल्या भागाखेरीज काही जोडू नये. वॉरंटीतल्या गाडीची नळी कापली तर पुढे दावा नाकारला जाऊ शकतो, म्हणून हा विचार वॉरंटी संपल्यावर करावा.

आणखी एक गोष्ट मालकांना नीट कळायला हवी. फिल्टर चुरा धरतो. जळालेलं तेल तो पुन्हा ताजं करू शकत नाही, संपलेले घटक परत आणू शकत नाही आणि पाणी वेगळं काढू शकत नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये भीमेला आलेल्या महापुराने कलबुर्गी जिल्ह्यातली गावं वेढली होती. अशा पाण्यातून गाडी काढली की गरम बॉक्स एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि श्वासनळीतून पाणी आत ओढलं जातं. लाल तेल मग गुलाबी दुधासारखं होतं आणि क्लचच्या अस्तराचा गोंद सोडवतं. त्यावर तेल बदलणं हाच उपाय, आणि तोही लगेच.

ऊन, ओझं आणि अंतर

कलबुर्गीत एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो. अशा उन्हात सात-आठ माणसं, टपावर सामान, एसी चालू, आणि मंदिराजवळच्या गर्दीत तासभर पावलापावलाने सरकणारी गाडी. सरळ महामार्गावर टॉर्क कन्व्हर्टर कुलूपबंद होऊन सारख्या वेगाने फिरतो, त्यामुळे तेल फार तापत नाही. गर्दीत तो सतत घसरत राहतो आणि सगळी घसरण उष्णता होऊन तेलात उतरते. नेहमीच्या चालीत बॉक्सचं तेल ८० ते ९५ अंशांच्या आसपास असतं. त्यापुढे तापमान १० अंशांनी वाढलं की तेल सडण्याचा वेग साधारण दुपटीने वाढतो, असा रसायनशास्त्रातला जुना ठोकताळा आहे.

'या बॉक्सचं तेल कधी बदलायचं नसतं' असं विक्रीच्या वेळी सांगितलं जातं. झेडएफ ही जर्मन कंपनी जगातल्या कित्येक गाड्यांना ऑटोमॅटिक पुरवते. तिची स्वतःची शिफारस मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरवर किंवा फार तर आठ वर्षांनी तेल बदलावं अशी आहे. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत कठीण वापरासाठी वेगळं आणि लवकरचं वेळापत्रक असतं. मोठं ओझं, तीव्र ऊन, भाड्याचा धंदा, धुळीचे रस्ते हा कठीण वापर. सीमाभागातल्या बहुतेक गाड्या त्याच रकान्यात बसतात.

तेल बदलतानाही एक हिशेब ध्यानात ठेवावा लागतो. चेंबरचा बोल्ट उघडला की सगळं तेल निघत नाही. बरंचसं कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहतं. समजा एका वेळी ४० टक्के निघालं, तर ६० टक्के जुनं राहिलं. दुसऱ्यांदा बदलल्यावर ३६ टक्के आणि तिसऱ्यांदा सुमारे २२ टक्के जुनं उरतं. म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीनदा बदलणं हा जुन्या बॉक्ससाठी सौम्य मार्ग. दोन बदलांच्या मधल्या काळात सुटलेला गाळ धरून ठेवायला परतीवरचा फिल्टर इथे सगळ्यात जास्त कामाला येतो.

अंतराचा प्रश्नही मोठा आहे. ऑटोमॅटिक बॉक्स पूर्ण उघडून बसवणारे कारागीर हैदराबादला, पुण्याला किंवा सोलापूरला गाठावे लागतात. बिदरहून हैदराबाद सव्वाशे-दीडशे किलोमीटर, कलबुर्गीहून दोनशेच्या पुढे. बंद पडलेली गाडी टेम्पोवर चढवून नेणं, आठ-पंधरा दिवस थांबणं, भाड्याच्या गाडीचा बुडालेला धंदा, हे सगळं दुरुस्तीच्या बिलावर वेगळं चढतं. जिथे मोठी दुरुस्ती दूर आहे तिथे लहान निगेची किंमत जास्त असते.

न दिसणाऱ्याची निगा

या मुलखाला ही निगा नवी नाही. बिदर आणि गुलबर्गा (आजचं कलबुर्गी) हैदराबाद संस्थानात असताना, १९३२ साली, निजामाच्या रेल्वेच्या रस्ते-वाहतूक विभागाने २७ बसगाड्यांनिशी सरकारी सेवा सुरू केली. पुढे राज्यं बदलली. २००० साली कलबुर्गीला मुख्यालय असलेलं स्वतंत्र परिवहन महामंडळ झालं, तेच आज कल्याण कर्नाटक मार्ग परिवहन महामंडळ म्हणून ओळखलं जातं. बस डेपोची खरी शिकवण त्याच्या वहीत आहे: कोणती गाडी, किती किलोमीटर, काय बदललं, काय आढळलं. गाडी बंद पडायची वाट न पाहता ठरल्या किलोमीटरला तिला खड्ड्यावर घ्यायची.

त्याहून जुनी शिकवण बिदरजवळच्या नौबादच्या जमिनीखाली आहे. बहमनी काळात, पंधराव्या शतकात, बिदरच्या जांभ्यात भुयारी कालवे खोदले गेले. पाणी अंधारातून वाहत जाई, आणि त्या वाटेवर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी ठेवल्या होत्या, हवा-उजेडासाठी आणि आत उतरून गाळ काढण्यासाठी. पुढे या विहिरी बुजल्या, कुणी उतरेनासं झालं, तेव्हा कालवा गाळाने भरला. गेल्या दशकात गाळ काढला गेला आणि पाण्याला पुन्हा वाट मिळाली. गिअरबॉक्सच्या बंद वाटेवर बसवलेला फिल्टर मला अशा विहिरीसारखा वाटतो. तो गाळ अडवतो, पण आत काय चाललंय हे वेळोवेळी बघायची सोय करतो, हा त्याचा मोठा उपयोग.

ती सोय वापरली पाहिजे. काढलेला फिल्टर फेकून न देता त्याचा डबा कापावा. करवतीने कापला तर करवतीचाच भुगा आत पडतो आणि निदान फसतं, म्हणून नळी कापायच्या गोल कटरने कापावा. आतली घडी उलगडून पांढऱ्या कापडावर पसरावी. चुंबकावर राखाडी मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे लोखंडाचे काप असतील तर दाता किंवा बेअरिंग मोडतंय. काळा, करपट वासाचा गाळ असेल तर क्लच जळतोय. पिवळसर चमकणारे कण दिसले तर बुशिंग संपत आलंय. बॉक्स बंद पडायच्या कितीतरी आधी हे दिसतं, आणि त्या टप्प्यावर दुरुस्ती लहान असते. पहिला फिल्टर लवकर काढून बघावा, पुढचे प्रत्येक तेलबदलाबरोबर.

हे काम एकट्या मालकाच्या हातात सोडू नये. हुमनाबाद, भालकी, बसवकल्याण, आळंद इथल्या मिस्त्रींचे हात कुशल आहेत. त्यांनी डिझेल पंपापासून कॉमन रेलपर्यंतचा बदल स्वतःच्या अनुभवावर पचवला. त्यांना हवं आहे ते स्वच्छ झाकलेलं नरसाळं, तंतू न सुटणारं फडकं, सीलबंद तेल आणि तापमान दाखवणारं स्कॅनर. उघड्या डब्यातलं तेल आणि काळं फडकं यांतून जेवढी घाण एका दुपारी बॉक्समध्ये जाते, तेवढी काढायला चांगल्या फिल्टरलाही फार किलोमीटर लागतात. कलबुर्गीचं पीडीए अभियांत्रिकी महाविद्यालय १९५८ पासून आहे, बिदरला गुरु नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आयएसओ ४४०६ या मानकाने तेलातले कण मोजून स्वच्छतेचा क्रमांक देता येतो. ही मोजणी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात सहज बसते. गॅरेजांनी तेलाचे नमुने द्यावेत, महाविद्यालयांनी कण मोजावेत, आणि निकाल त्या गाडीच्या किलोमीटरसह परत गॅरेजच्या वहीत यावा.

अशी पाच-सात वर्षं वही भरत गेली, तर काळ्या रानाच्या, चुनखडीच्या आणि जांभ्याच्या या मुलखात, ४३ अंशांच्या उन्हात, भरल्या गाडीचं तेल नेमकं किती किलोमीटर टिकतं याचं उत्तर इथल्याच गॅरेजांत तयार होईल. कंपनीची पुस्तिका साऱ्या देशासाठी लिहिलेली असते. गाणगापूर-माणिकनगर-बिदरच्या रस्त्यासाठीचं पान इथल्या मिस्त्रींनी आणि मालकांनीच लिहायचं आहे. त्यासाठी लागणारी साधनं त्यांच्या हाताशी आहेत: एक नळी, एक फिल्टर, एक कटर आणि नेमाने भरलेली वही.